कीबोर्ड माझा, टोन कुणाचा?

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर बघा, हळदीच्या मांडवात बघा, जागरण-गोंधळाच्या पार्टीत बघा, नाहीतर युवा महोत्सवात सुगम गायनाला साथ करणाऱ्यांकडे बघा. एक गोष्ट सगळीकडे सारखीच दिसेल. फुलीच्या आकाराच्या स्टँडवर ठेवलेला ६१ पट्ट्यांचा काळा कीबोर्ड आणि त्यामागे मान खाली घालून उभा असलेला, आपल्याच वयाचा कुणीतरी. गाणाऱ्याचं नाव बॅनरवर असतं, ढोलकीवाल्याला पब्लिक ‘वन्स मोअर’ देतं. कीबोर्डवाल्याकडे लक्ष जातं ते आवाज बंद पडला की!

पण आजच्या लाइव्ह कार्यक्रमांचं अर्धं गणित याच माणसावर चालतं. बासरी तोच, सनई तोच, व्हायोलिनचा ताफा तोच आणि मधेच संबळही तोच. हे सगळं तो ज्या वाद्यावर करतो, ते काही लाखांचं नसतं. बहुतेक वेळा ते मधल्या किमतीचं, साधारण ३५ ते ६० हजारांच्या घरातलं असतं. म्हणजे एका बऱ्या सेकंड हँड बाइकचे पैसे. कुणी ते ईएमआयवर घेतं, कुणी आईची भिशी लागल्यावर, कुणी दोन सीझनची बिदागी साठवून.

एवढे पैसे मोजले की वाद्य आपलं झालं, असं आपण धरून चालतो. खरंच होतं का? असे कीबोर्ड वापरणाऱ्यांशी बोलायला बसलं की आवाजाचं कौतुक पाच मिनिटांत संपतं. मग सुरू होतात वेगळ्याच गोष्टी. टोन कुठून घेतले, कुठे फसलो, दुरुस्तीला किती दिवस गेले, विकायला काढला तर किती येतील. या सगळ्या गप्पांचा अर्थ एकच निघतो. मधल्या किमतीचा कीबोर्ड आपण विकत घेतो, पण त्यातलं पूर्ण काही आपल्या मालकीचं होत नाही. कसं, ते जरा उलगडून बघू.

‘मधला’ म्हणजे नेमका कोणता?

दुकानात गेलं की तीन थर दिसतात. खाली शिकाऊ कीबोर्ड, किंमत काही हजार. वर लाख-दीड लाखाच्या पुढची वर्कस्टेशन्स, स्टुडिओवाल्यांची. आणि मध्ये आपला थर, जिथे हौस संपते आणि कमाई सुरू होते.

या मधल्या थरात आणि त्याच्या जरा खाली दोन वेगळ्या जातीची वाद्यं आहेत आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांची गल्लत इथेच होते. एक अरेंजर. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ठेका, बेस, सगळा वाद्यवृंद मागे आपोआप वाजतो. यामाहाचा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओचे ‘आयएन’ शेपूट लावलेले सीटी-एक्स मॉडेल या जातीचे. भारतीय ठेके आणि आवाज घालून खास इथल्या बाजारासाठी बनवलेले. त्यांना स्पीकर असतात. घरी प्लग लावला की वाजला.

दुसरी जात सिंथेसायझर. तो आवाज घडवायला बनवलेला असतो, एकट्याने अख्खी पार्टी वाजवायला नव्हे. या थरातलं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे रोलँडचा एक्सपीएस-१०. २०१४मध्ये आलेलं हे मॉडेल आजही स्टेजवर सर्रास दिसतं. त्याची कारणं सोपी आहेत. वजनाला हलका, त्यामुळे पाठीला अडकवून लोकलने नाहीतर बाइकवर नेता येतो. हजारावर आवाज आधीच भरलेले. प्रत्येक स्वराची पट्टी बारीक वर-खाली करायची ‘स्केल ट्यून’ची सोय. बोटाने आवाज ओढायला लिव्हर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेन ड्राइव्हवरून स्वतःचे आवाज आत घालता येतात.

ही शेवटची सोय लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

स्केल ट्यून आणि लिव्हर या दोन गोष्टी आपल्याकडे चैनीच्या नाहीत. हार्मोनियममध्ये मींड निघत नाही आणि तिचे बारा स्वर ठोकून पक्के केलेले असतात. या तक्रारीवरून १९४० ते १९७१ अशी तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली ती याच अडचणीवर उत्तर म्हणून. त्यामुळे कोमल गंधार किंचित खाली घेता येणारं, सनईसारखा स्वर घसरवता येणारं वाद्य आपल्या बजेटमध्ये येतं, तेव्हा पोरं त्यावर तुटून पडणारच.

बिलात न दिसणारं बिल

सिंथेसायझर घरी आणला, प्लग लावला, पट्टी दाबली आणि शांतता. या जातीच्या बहुतेक वाद्यांना स्पीकरच नसतो! पहिल्यांदा घेणाऱ्या अनेकांची सुरुवात अशीच होते. हेडफोन लावून रियाझ होतो, पण घरच्यांना काही ऐकू येत नाही. मग “एवढे पैसे कशाला घातलेस” हा प्रश्न ठरलेलाच.

म्हणून अँप किंवा मॉनिटर स्पीकर आला, त्याचे वेगळे दहा-वीस हजार. स्टँड, बॅग, सस्टेन पेडल, दोन केबल, एक जादाचा अडॅप्टर. ज्यांनी सुपाऱ्या वाजवल्यात त्यांना विचारा, जादा अडॅप्टर ही चैन नाही. मांडवात वायरीवरून कुणाचा तरी पाय पडतो, पीन सैल होते आणि आरतीच्या मध्यावर कीबोर्ड गार पडतो. वाद्याच्या किमतीवर निदान तिसरा हिस्सा आणखी धरूनच बजेट काढावं, हा अनुभवी मालकांचा हिशेब त्यामुळेच पटतो.

जपानमधली आग, आपल्या दुकानातली किंमत

किंमतही आपल्या हातात नसते. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानच्या मियाझाकी प्रांतात, नोबेओका शहरातल्या एका चिपच्या कारखान्याला आग लागली. कारखाना असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस कंपनीचा. तिथे बनणारी चिप आकड्यांमधल्या आवाजाचं विजेच्या लहरीत रूपांतर करते. म्हणजे कीबोर्डच्या आतला आवाज ज्या दारातून बाहेर पडतो, ते दार. ऑडिओ इंटरफेस, मिक्सर, सिंथेसायझर बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या याच चिपवर अवलंबून होत्या. आग विझायला काही दिवस लागले, परिणाम मात्र दोन-तीन वर्षं पुरले.

त्यातच कोविड. सगळं जग घरात बसलेलं, हौशी वादकांची मागणी वाढलेली आणि चिपचा सगळीकडेच तुटवडा. काही कंपन्यांना दुसरी चिप बसवण्यासाठी आतलं सर्किट नव्याने आखावं लागलं. ठरावीक मॉडेल महिनोन् महिने मिळत नव्हती. नवा माल नाही म्हटल्यावर सेकंड हँड बाजार तापणं ओघानेच आलं.

यामाहाने २०१९पासून चेन्नईजवळच्या कारखान्यात कीबोर्ड बनवायला घेतले आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण डबा इथे जोडला तरी आतल्या चिपची साखळी देशाबाहेरच सुरू होते. चाकणला गाड्या बनतात तरी चिप नाही म्हणून डिलिव्हरी लांबते, हे त्या काळात आपण बघितलंच. मोठ्या गाडी कंपन्यांनाही रांगेत उभं राहावं लागलं, तर कीबोर्डची काय कथा.

पट्टी अडकली, आता?

मधल्या किमतीच्या कीबोर्डची सगळ्यात नेहमीची तक्रार पट्ट्यांची असते. ती का होते ते समजून घेतलं तर निम्मी भीती जाते.

प्रत्येक पट्टीखाली रबराचा एक छोटा घुमट असतो आणि त्यात कार्बनचे दोन ठिपके. पट्टी दाबली की आधी एक ठिपका सर्किटला टेकतो, मग दुसरा. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला त्यावरून यंत्र ठरवतं की तुम्ही हळू दाबलं की जोरात. आता त्यात मांडवातली धूळ, गुलाल, कोकणातला किंवा मुंबईतला दमट पावसाळा मिसळा. ठिपका नीट टेकत नाही. मग एखादा स्वर वाजतच नाही, नाहीतर हळू दाबूनही एकदम पूर्ण आवाजात बोंबलतो. हळुवार भावगीत चालू असताना असा एकच पंचम किंचाळला की गाणाऱ्याची नजर बघण्यासारखी असते!

इलाज बऱ्याचदा साधा असतो. वाद्य उघडायचं, रबराची पट्टी काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ठिपके आणि सर्किट हलक्या हाताने पुसायचं. फारच झिजलं असेल तर रबराची पट्टी बदलायची. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्समध्ये हात बसलेली माणसं मिळतात. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलाला अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणजे एक दिवसाचा प्रवास आणि पार्ट येईपर्यंत वाट. लग्नसराईत पंधरा दिवस कीबोर्ड नाही, याचा अर्थ पंधरा दिवस काम नाही.

आपल्याकडे ‘राइट टू रिपेअर’ची म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा २०२२पासून सरकारी पातळीवर सुरू आहे. ग्राहक व्यवहार विभागाने त्या वर्षी जुलैमध्ये समिती नेमली आणि वर्षाअखेरीस पोर्टलही सुरू केलं. सुरुवातीला चार क्षेत्रं निवडली गेली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं. वाद्यांचं नाव त्यात नव्हतं. मोबाइलपुढे कीबोर्ड घेणारे मूठभर, हे मान्य. पण ज्याचं पोट त्या वाद्यावर आहे त्याच्यासाठी ते ट्रॅक्टरइतकंच अवजार आहे. सर्व्हिस मॅन्युअल उघडपणे मिळणं, रबराच्या पट्टीसारखा साधा पार्ट थेट विकत मिळणं, एवढीच तर मागणी आहे.

टोन म्हणजे काय रे भाऊ?

आता मूळ मुद्दा. कीबोर्डवाले ज्याला ‘टोन’ म्हणतात त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मोडतात आणि फसवणूक बहुतेक वेळा या फरकातच लपलेली असते.

पहिला प्रकार म्हणजे नुसत्या सेटिंग्ज. कीबोर्डमध्ये कंपनीने भरलेला आवाज तोच, पण त्याची सुरुवात धारदार केली, वरची किणकिण कापली, थोडा घुमारा दिला, दोन आवाज एकमेकांवर चढवले. कंपनीच्या ओबोमधून अशी बऱ्यापैकी सनई निघते. हा टोन घडवायला कान लागतो, वेळ लागतो, पण पैसा लागत नाही. मॅन्युअल उघडून आठवडाभर बसलं तर आपला आपल्याला जमतो.

दुसरा प्रकार सँपल. खरं वाद्य माइकसमोर वाजवून रेकॉर्ड केलेलं आणि मग पट्ट्यांवर पसरवलेलं. याचं गणित बघा. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजमापं, प्रत्येक दोन बाइटचं. एका चॅनेलच्या एका सेकंदाला साधारण ८८ हजार बाइट. तीन सप्तकांची बासरी करायची, दर तिसऱ्या स्वराचा खरा नमुना घ्यायचा आणि तो तीन सेकंदांचा ठेवायचा, तर बारा नमुने, ३६ सेकंद, सुमारे तीन एमबी. फोनवरच्या एका फोटोएवढं. पण मधल्या किमतीच्या कीबोर्डमध्ये बाहेरच्या सँपलसाठी जागा मोजकीच असते. ढोलकी, संबळ, बेंजो, हार्मोनियम, सगळं हवं असेल तर काटकसर आलीच.

मग विकणारे काय करतात? एकच नमुना घेऊन अख्ख्या कीबोर्डवर ताणतात. एक सप्तक वर गेलं की तोच नमुना दुप्पट वेगाने वाजतो. बासरी चिमणीसारखी चिवचिवते, खाली आणली तर दमेकऱ्यासारखी ओढते. डेमो व्हिडिओत मात्र मधल्या सप्तकातलंच गाणं वाजवलेलं असतं. त्यामुळे ऐकताना कळत नाही, पैसे दिल्यावर कळतं.

पेन ड्राइव्हवरचा बाजार

यूट्यूबवर तुमच्या मॉडेलचं नाव टाकून पुढे ‘मराठी टोन’ असं लिहून बघा. कोळीगीतांचे टोन, लोकगीतांचे, आरतीचे, जुन्या हिंदी गाण्यांचे. खाली व्हॉट्सअॅप नंबर. यूपीआय केलं की फाइल येते. पावती नाही, परत घेण्याची भानगड नाही आणि ‘कुणाला देऊ नको’ ही अट तोंडी.

या बाजाराला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. कंपनीच्या हजार आवाजांत ‘ब्राइट पियानो’च्या डझनभर तऱ्हा असतात, पण आपल्या हलगीचा कडकडाट सहसा नसतो. ही कमतरता ज्यांनी भरून काढली ते हेच टोनवाले आहेत. त्यातले काही खरोखर मेहनत करतात. वादक बोलावतात, प्रत्येक घाव हलका-जोरात असा वेगवेगळा रेकॉर्ड करतात, रात्र-रात्र जागून कापतात. चांगल्या टोनसाठी पैसे मोजणं योग्यच आहे.

त्रास पुढे आहे. एकाने मेहनतीने बनवलेला टोन आठवड्यात दुसऱ्याच्या नावाने फिरतो. तो तिसऱ्या ग्रुपवर फुकट मिळतो. मूळ बनवणारा वैतागून फाइलला कुलूप लावतो किंवा बनवणंच सोडतो. वरच्या किमतीच्या काही वाद्यांत कंपन्यांनी यावर तोडगा काढलाय. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स मालिकेत पॅक त्या एकाच वाद्याच्या ओळखीला बांधता येतो. चोरी थांबते, हे खरं. पण उद्या ते वाद्य विकलं किंवा जळालं, तर घेतलेले टोन नव्या वाद्यावर चालतीलच असं नाही. म्हणजे कुलूप नसेल तर बनवणारा मरतो आणि असेल तर घेणारा भाडेकरू होतो.

आणि इकडे आपल्या थरात सेकंड हँड घेणाऱ्यांचा वेगळाच सीन. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘पाचशे टोनसकट’. त्या टोनसाठी चार पैसे जास्त मोजले जातात. मग कधीतरी काहीतरी बिघडतं, कुणीतरी फॅक्टरी रिसेट मारायला सांगतं आणि सगळं साफ. बॅकअप? तो आधीच्या मालकाच्या पेन ड्राइव्हवर.

वाजवणारा हात कुणाचा?

या सगळ्यात एक माणूस मात्र कुठेच दिसत नाही. ज्याच्या बोटांचा आवाज आपण पट्टी दाबून काढतो, तो वादक.

संबळाचा टोन वाजतो तेव्हा त्यामागे कधीतरी, कुठल्यातरी खोलीत एका खऱ्या माणसाने आकड्या काडीने खरा संबळ वाजवलेला असतो. त्याला त्या दिवशी काय मिळालं, आपलं वाजवणं कशासाठी वापरलं जाणार हे त्याला सांगितलं होतं का, फाइलवर त्याचं नाव आहे का? बहुतेक टोनच्या फोल्डरमध्ये विकणाऱ्याचं नाव ठळक असतं, वाजवणाऱ्याचं नसतं.

कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला संरक्षण आहे. म्हणजे दुसऱ्याने रेकॉर्ड केलेला आवाज परवानगीशिवाय कॉपी करून विकणं बसत नाही, मग तो कंपनीच्या महागड्या वाद्यातून चोरलेला असो की शेजारच्या टोनवाल्याचा. १९९४च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावरचे हक्क मिळाले आणि २०१२च्या दुरुस्तीने ते आणखी पक्के झाले. आपल्या सादरीकरणाबरोबर आपलं नाव यावं, हाही त्यातलाच एक हक्क. आता ढोलकीचा एकच घाव ‘सादरीकरण’ ठरतो का, यावर वकील तासभर वाद घालू शकतील. पण कोर्टाची वाट न बघता आपण साध्या व्यवहाराने विचार करू शकतो. कुणाचा हात वापरला तर त्याला विचारायचं, पैसे द्यायचे, नाव लिहायचं. ग्रूप प्रोजेक्टमध्ये ज्याने काम केलं त्याचं नाव पहिल्या पानावर नसेल तर आपण किती भांडतो!

एक माणूस, चार वाद्यं

यावर एक आक्षेप नेहमी येतो. कीबोर्डमुळे खऱ्या वादकांचं काम गेलं. त्यात तथ्य आहे. बजेट कमी असलं की आयोजक सगळ्यात आधी माणसं कमी करतो. सनईवाला आणि व्हायोलिनवाला यांच्या जागी एक कीबोर्ड येतो, संबळाच्या जागी ऑक्टापॅड. कीबोर्डवाल्याला चौघांची बिदागी मिळते असंही नाही. काम चौघांचं, पाकीट एकाचं.

पण इतिहास जरा मागे जाऊन बघितला की चित्र इतकं सरळ राहत नाही. आपल्या बेंजो पार्टीतला बेंजो घ्या. मुंबई-कोकणच्या मिरवणुका त्याच्याशिवाय सुन्या वाटतील. त्याचं मूळ जपानचं. १९१२मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेलं ताइशोगोतो, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तंतुवाद्य. ते इथे आलं, बुलबुल तरंग झालं, बेंजो झालं आणि कोळीगीतात असं मुरलं की आता त्याला कुणी परकं म्हणत नाही. म्हणजे जपानी यंत्रातून मराठी आवाज काढणं आपल्याला नवीन नाही. नवं एवढंच की बेंजोमध्ये आवाज वादकाच्या हातातून तिथल्या तिथे निघायचा, आता तो आधीच कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवलेला असतो.

आणि यंत्राच्या आत घुसून स्वतःचं काही शोधणारेही आपल्याकडेच झाले. १९८२मध्ये मुंबईत चरणजित सिंग या फिल्मी वादकाने रोलँडची तीन यंत्रं, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, एकमेकांना जोडली आणि डिस्को ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड केले. रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे चाट पडले. शिकागोच्या अॅसिड हाऊस संगीताशी जोडला जाणारा तो आवाज त्याच्या काही वर्षं आधीच मुंबईत निघाला होता! यातली टीबी-३०३ बनवली होती बेस गिटारची नक्कल करायला. नक्कल तिला धड जमली नाही. पण बटणं फिरवत बसलेल्या माणसांना तिच्यात दुसरंच काही सापडलं.

आपल्या चाळीस हजारांच्या वाद्यातही ती बटणं आहेत. हजारभर तयार आवाज आणि व्हॉट्सअॅपवरचे पाचशे टोन यांच्या गर्दीत त्यांना हातच लागत नाही, ही खरी गंमत.

मग घ्यायचा की नाही?

घ्या. वाजवायचं असेल, त्यावर चार पैसे कमवायचे असतील, तर या किमतीत दुसरा मार्ग नाही. फक्त घेताना एवढं बघा.

पहिलं, जात ठरवा. एकट्याने घरी किंवा छोट्या कार्यक्रमात वाजवणार असाल तर अरेंजर. ग्रुपमध्ये वाजवणार असाल आणि आवाज घडवायची आवड असेल तर सिंथेसायझर.

दुसरं, सेकंड हँड घेताना स्वतः जाऊन बघा. प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जोरात दाबा. ६१च्या ६१. अडॅप्टरची पीन हलवून बघा, लिव्हर सोडल्यावर स्वर जागेवर येतो का ते ऐका. पेन ड्राइव्ह लावून फाइल उघडते का बघा. मूळ बिल मागा. ‘टोनसकट’च्या नावाखाली जादा पैसे देऊ नका, किंवा दिले तर बॅकअप हातात घेऊनच उठा.

तिसरं, टोन घेण्याआधी विचारा, हा सेटिंगचा आहे की सँपलचा? सँपलचा असेल तर पूर्ण कीबोर्डवर, खालपासून वरपर्यंत वाजवून दाखवा म्हणा. जो दाखवेल त्याच्याकडून घ्या, पैसे देऊन घ्या आणि पुढे फुकट वाटू नका.

चौथं, दर महिन्याला बॅकअप. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक घरच्या कॉम्प्युटरवर. सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप बंद पडलेल्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

पाचवं जरा मोठं आहे, पण आपल्याला जमण्यासारखं आहे. आपल्या कॉलेजांत संगीत मंडळं आहेत, मास कॉमच्या विभागांत माइक आणि रेकॉर्डर धूळ खात पडलेत आणि आसपासच्या प्रत्येक तालुक्यात संबळ, हलगी, सुंद्री, तारपा, पावरी वाजवणारी माणसं आहेत. एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये एक वादक बोलवा. त्याला ठरवून मानधन द्या. कागदावर त्याची परवानगी घ्या. कशासाठी वापरणार ते त्याच्या भाषेत समजावून सांगा. त्याचा प्रत्येक घाव, प्रत्येक स्वर नीट रेकॉर्ड करा आणि त्याच्या नावासकट सगळ्यांसाठी खुला ठेवा. एका कॉलेजने एक वाद्य केलं तरी काही वर्षांत महाराष्ट्राच्या वाद्यांचा एक संग्रह उभा राहील, ज्याला कुलूप नाही आणि जो कुणाच्या हातून चोरलेला नाही.

कीबोर्डच्या मागच्या बाजूला मॉडेलचं नाव आणि सिरीयल नंबर कोरलेला असतो. त्या डब्यावर आपला हक्क बिलाने सिद्ध होतो. आतल्या आवाजावरचा हक्क मात्र तीनच रस्त्यांनी येतो. तो स्वतः घडवा, विचारून घ्या किंवा योग्य ते पैसे देऊन घ्या. पुढच्या सीझनला स्टेजवर संबळाचा टोन लावाल, तेव्हा तो वाजवणाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत असेल का?